पाणमांजरांच्या वळणावरची पाटी

मंद आचेवर बेसन भाजलं जात असताना घरभर जो खरपूस वास दरवळतो, तो बहुतेकांना दिवाळीची आठवण करून देतो. आमच्या विश्रांतवाडीच्या घरात मात्र तो वास रविवारचा होता, आणि फराळाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. बेसनाचा रंग बदलला की त्यात कणीक आणि शेंगदाण्याची पेंड पडायची, चिमूटभर वेलचीपूड पडायची, गुळाच्या पाण्याने त्या सगळ्याचा घट्ट गोळा मळला जायचा, आणि शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी हमखास विचारायचं, "काय वहिनी, लाडू वाटतं?" माझी बायको सुनंदा हात न थांबवता उत्तर द्यायची, "हो. माशांना." गळाला लावायचं आमिष इतकं सुगंधी कशाला, असं तुम्हालाही वाटेल. पण रोहू आणि कटला म्हणजे वासाचे मोठे भोक्ते! पाण्याच्या हिरव्या अंधारात वेलचीचा एक कण विरघळला की कुठून कुठून ते त्या गंधाचा माग काढत येतात. नुसत्या वासावर भुलून लांबवर जाणं हे काय फक्त माशांनाच जमतं? मी स्वतः त्या वासामागे निम्मं आयुष्य हिंडलो आहे.

सुनंदा गोळा मळून द्यायची, म्हणून या छंदाला तिची संमती होती असं समजू नका. माझ्या वडिलांनी तरुणपणी धम्माचा स्वीकार केला, आणि आमच्या घरात पंचशील नेमाने म्हटलं जातं. त्यातलं पहिलंच शील प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचं. "पौर्णिमेला विहारात शील घेता आणि रविवारी हातात गळ," असं सुनंदा एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायची तिला गरज पडली नाही, कारण ते वाक्य त्यानंतर दर रविवारी माझ्याबरोबर स्कूटरवर बसून येऊ लागलं. मी पुष्कळ विचार केला. लहानपणापासून मासळीच्या कालवणावर वाढलेला माणूस मी. ताटातल्या माशाबद्दल मला कधी अपराधी वाटलं नाही, मग गळाला लागलेल्या माशाबद्दलच का वाटावं? पण वाटायचं, हे खरं. तो प्रश्न मी अजून सोडवलेला नाही, आणि सुनंदाही त्याचं उत्तर मागत नाही.

या छंदातले माझे जोडीदार म्हणजे शरदराव. कसबा पेठेत त्यांचं पाट्या रंगवण्याचं दुकान, आणि दुकानाच्या वरच घर. घर पूर्ण शाकाहारी. इतकं की चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नसे. आमची ओळख झाली ती माझ्या कार्यालयात. मी सरकारी नोकरीत, आणि साहेबांची बदली झाली की दारावरच्या फलकावर नव्या साहेबांचं नाव घालायला शरदराव यायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तंगुसाचा, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याचा, गुंता सोडवत बसलो होतो. शरदरावांनी ब्रश बाजूला ठेवला, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "कांबळे, हे नवे साहेब निवृत्त झाले तरी तो सुटायचा नाही. कापा आणि दुसरा बांधा." तंगुसाबद्दल एवढ्या अधिकाराने बोलणारा हा माणूस कोण, म्हणून चौकशी केली, तर हे गृहस्थ शाळकरी वयापासून मुठा नदीत गळ टाकणारे निघाले! पकडलेला मासा ते क्षणभर न्याहाळायचे, अलगद गळ काढायचे आणि त्याला परत पाण्यात सोडायचे. घरी हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच मान्य नव्हतं. म्हणून रॉड, गळ, जाळी हे सारं सामान विश्रांतवाडीला माझ्या माळ्यावर असायचं, आणि शरदराव परतताना माझ्याकडे आंघोळ करूनच कसब्यात पाऊल ठेवायचे. टोचून सोडून देणारे ते आणि पकडून खाणारा मी, यात शीलाच्या अधिक जवळ कोण, यावर आम्ही स्कूटरवरून जाताना तासन्‌तास वाद घातला आहे. "तुम्ही निदान पोटासाठी तरी पकडता," असं म्हणून ते कधीकधी हार मानायचे, आणि पुढच्या चौकात ती मागे घ्यायचे.

मासेमारीला जागा शोधायची म्हणजे जिथे मासे आहेत तिथे जाऊन बसायचं, इतकं ते सोपं असतं तर आम्ही एवढे हिंडलोच नसतो. "नुसते मासे हवेत तर गणेश पेठेतल्या बाजारात जा, कांबळे," असं शरदराव म्हणायचे. त्यांना पाणी हवं, पाण्यामागे डोंगर हवा, पाठीशी सावली हवी, आणि त्या सगळ्यात आपल्याखेरीज इतरांचीही वस्ती हवी. इतरांची म्हणजे पाखरांची, कासवांची, तिन्हीसांजेला पाण्यावर येणाऱ्या भेकरांची. मंडईतलं चोखंदळ गिऱ्हाईक जसं जुडी उलटीपालटी करून, देठ मोडून पाहून पुढच्या गाळ्याकडे वळतं, तसे शरदराव तळ्यांचे आणि धरणांचे काठ पारखायचे. खंड्या पाण्यालगतच्या फांदीवर येऊन बसतो का, पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेत का, हे आधी पाहायचं. उथळ पाण्यात बगळा येरझारा घालत असेल तर तिथे विशेष काही नाही असं धरून चालायचं; तो निश्चल उभा असेल तर आपणही थांबायचं. अशा ठिकाणी गळ टाकून बसलं की मासा लागो न लागो, दिवस वाया जात नाही. किती रविवार आम्ही रिकाम्या जाळीने आणि भरल्या मनाने परतलो आहोत! सुनंदाने मात्र त्या दिवसासाठी वाटण करून ठेवलेलं असायचं, आणि भरल्या मनाचं कालवण होत नाही, हे ती न बोलता दाखवून द्यायची.

या शोधाला घाई होती, कारण आमच्या मागोमाग शहर येत होतं. त्या वर्षांत पुण्यात सगळंच एकदम खुलं झालं. ज्या टेलिफोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे तो मागितल्याबरोबर मिळू लागला, मग गल्लीबोळांत सायबर कॅफे निघाले, मग हिंजवडीच्या शेतांमधून काचेच्या इमारती उगवल्या, आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं सकाळी चौकाचौकांत कंपनीच्या बसची वाट पाहत उभी दिसू लागली. माझी भाचरं त्यांच्यात होती. ज्यांच्या आजोबांना शाळेत वर्गाबाहेर बसावं लागलं ती मुलं विमानाने परदेशी कामाला जाऊ लागली. त्या दिवसांना कुणी सरसकट नावं ठेवली तर मला ते पटत नाही. पण नद्यांनी त्याची झळ सोसली, हेही तितकंच खरं. संगमाच्या आसपासचं पाणी काळं पडलं. आम्ही बाहेर सरकलो, तर तिकडेही ज्या काठावर परवा बसलो होतो तिथे आज तलावाकाठच्या बंगल्यांची जाहिरात उभी. शरदराव जागा गेल्याने चिडायचेच, पण जाहिरातीची अक्षरं पाहून अधिक चिडायचे. "जागा घेतली ती घेतली, निदान 'ळ' तरी नीट काढायचा!"

अशात एका हिवाळ्यात आम्हाला ते वळण सापडलं. पश्चिमेकडच्या एका धरणाच्या मागल्या पाण्यावर ते आहे. धरणाचं नाव सांगत नाही, आणि का सांगत नाही ते पुढे कळेलच. मोठ्या रस्त्यापासून एक गाडीवाट सगुणाबाई नावाच्या बाईंच्या शेताच्या कडेने खाली उतरत होती. सगुणाबाई साठीच्या आसपासच्या, एकट्याने शेत सांभाळणाऱ्या. आमच्या हातातले रॉड पाहून त्या बांधावरूनच म्हणाल्या, "तिकडं निघालाव व्हय? मासं लई हायती, पर तुमाला घावायचं न्हाईत. पाणमांजरांचं घर हाय तिथं." हे ऐकून खरं तर आम्ही परत फिरायला हवं होतं. पण शरदरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईंनी त्यांना सोन्याच्या खाणीचा पत्ता दिला होता. पाणमांजर जिथे राहतं तिथे पाणी स्वच्छ असतं, मासा भरपूर असतो आणि माणूस कमी असतो, आणि आम्ही इतकी वर्षं नेमकं हेच तर शोधत होतो!

ते वळण मी तुम्हाला कसं सांगू? डोंगराची एक सोंड पाण्यात उतरली होती, आणि तिला वळसा घालून पाणी आत शिरलं होतं. बाहेरच्या विस्तीर्ण जलाशयावर वारा सुटला तरी आतल्या पाण्यावर सुरकुती उमटत नसे. काठावर जांभळीची दाटी, त्यांच्या मुळांशी काळे सपाट खडक, आणि समोरच्या उतारावर गवताचा पिवळा पट्टा. सकाळचं ऊन त्या खडकांवर पडलं, की पाण्यातून आधी एक डोकं वर यायचं, मग दुसरं, मग तिसरं. पाणमांजरं! ओल्या, तुळतुळीत अंगाची, लांब मिशांची, सतत कशाच्या ना कशाच्या तरी गडबडीत असलेली ती मंडळी खडकावर चढायची, लोळायची, एकमेकांना ढकलायची आणि बारीक शीळ घालत पुन्हा पाण्यात शिरायची. पहिल्याच दिवशी माझ्या गळाला चांगला रोहू लागला, आणि काठाशी येईपर्यंत त्यातला निम्माच उरला. शरदराव डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पुढे पुढे तर ते रॉड उघडेनासेच झाले. नुसते जांभळीखाली बसून पाहत राहायचे. मी मासे धरायचो, पाणमांजरं माझ्यापेक्षा कितीतरी अधिक धरायची, आणि कुणाची कुणाबद्दल तक्रार नव्हती. दोन-तीन वर्षं आम्ही दर हिवाळ्यात तिथे गेलो. माझ्या आयुष्यातले ते फार सुखाचे रविवार होते.

मग एकदा खडकावर फुटलेल्या बाटल्या दिसल्या. पुढच्या खेपेला जांभळीखाली चुलीचे दगड आणि कोंबडीची पिसं. रस्ता रुंद झाला होता, नव्या गाड्या आल्या होत्या, आणि शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या मंडळींना शहराबाहेर कुठेतरी जायचं असायचं. त्यात त्यांचं काय चुकलं? आम्हीही शहरातूनच येत होतो. पण त्या दिवशी एकही पाणमांजर वर आलं नाही. माझ्याकडे आंघोळ झाली, चहाचा कप हातात आला, तेव्हा शरदराव म्हणाले, "पाटी लावू."

आता हे अगदी साहजिक होतं. दुसऱ्या गावचा माणूस अशा वेळी कुंपण घालेल, ग्रामपंचायतीत जाईल, फार तर दमदाटी करील. पेठेतल्या माणसाला पाटी सुचते. बेल एकदाच वाजवावी, दुपारी एक ते चार झोपेची वेळ आहे, पत्ता विचारू नये, असं काहीबाही लिहून दारावर टांगलं की जग सुधारतं, अशी आमच्या शहराची दृढ श्रद्धा आहे, आणि शरदरावांची तर तीवर उपजीविका होती. होती म्हणतो, कारण त्याच सुमारास संगणकावर छापलेले फ्लेक्स आले. ज्या पाटीला शरदरावांना आठवडा लागायचा ती तासाभरात छापून मिळू लागली. कसब्यातल्या निम्म्या दुकानांना ज्यांनी नावाची अक्षरं दिली त्यांच्याच दुकानात गिऱ्हाईक येईना. ते त्याबद्दल बोलत नसत. नुसते ब्रश धुऊन, पुसून, पुन्हा धुऊन ठेवत. म्हणून ही पाटी करायला घेतली तेव्हा त्यांनी तिच्यात जीव ओतला. चांगल्या जाड पत्र्यावर पिवळ्या रंगाचे तीन हात, त्यावर काळी अक्षरं, अक्षरांना तांबड्याची बारीक किनार. मी कार्यालयातून सुटल्यावर वाकडी वाट करून दुकानात जायचो आणि उभा राहून पाहायचो. वेलांटीचं ते एकाच श्वासात उतरलेलं वळण! उभ्या रेघेचा तो ताठ कणा! पाटीवर लिहिलं होतं ते असं:

येथे मासे नाहीत.
दृश्यही विशेष नाही.
आपण चुकीच्या रस्त्याने आला आहात.
आल्या पावली परत जावे.
कारण विचारू नये.

सगुणाबाईंच्या परवानगीने त्यांच्या बांधाशी, गाडीवाट जिथून खाली वळते तिथे, आम्ही ती दोन खांबांवर ठोकली. बाईंनी बोट फिरवत सगळी वाचली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आन्‌ मासं तर हायती की! खोटं लिवलंय तुमी."

"खोटं नाही हो बाई, सूचना आहे," शरदराव म्हणाले.

"मंग लोकं वाचून परत जातील म्हंता?"

"नक्की जातील. स्वच्छ लिहिलंय."

पहिले काही रविवार पाटीने कामही केलं. एक गाडी आली, थांबली, आतली माणसं उतरली, पाटी वाचून खो खो हसली आणि परत गेली. त्या हसण्यानेच आम्ही सावध व्हायला हवं होतं. पण गाडी परत गेली याचाच आम्हाला इतका आनंद झाला, की आतली माणसं का हसली हा विचारच मनात आला नाही. हळूहळू पाणमांजरंही खडकांवर येऊ लागली.

पुढे एका संध्याकाळी शरदरावांचा फोन आला. "कांबळे, आत्ता कसब्यात येऊन जा." मी घाबरतच गेलो, तर घरात सणासारखं वातावरण. त्यांची सून मृणाल हिंजवडीच्या कंपनीत होती. तिला कुणीतरी ईमेलवरून अस्सल पुणेरी पाट्यांचे फोटो पाठवले होते, आणि त्यात सगळ्यांत वर आमची पाटी होती! "मी पाहताक्षणी ओळखलं. असं अक्षर दुसरं कुणाचं असणार?" मृणाल म्हणाली. फोटोखाली कुणी कुणी लिहिलं होतं: काय हे अक्षर, ही कला आता कुठे राहिली, हे रंगवणारे पेंटर कोण आहेत. शरदराव खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले होते. "मृणाल, ते परत वर घे बरं," असं म्हणून त्यांनी ते कौतुक माझ्यासमोर पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्या अक्षराला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. आता अनोळखी माणसं देशोदेशींहून म्हणत होती. कौतुकाच्याही खाली एक मजकूर होता, तो मी वाचला. तिथे कसं जायचं, कुठे वळायचं, गाडी कुठे लावायची, सगळं सविस्तर होतं; आणि शेवटी असं, की पाटीवर विश्वास ठेवू नका, खाली फार सुंदर पाणी आहे, पाणमांजरंसुद्धा दिसतात. शरदरावांनीही ते वाचलं असणार, पण ते बोलले नाहीत, आणि मीही नाही. त्या संध्याकाळी कोण बोललं असतं?

पुढच्या रविवारी गाडीवाटेवर गाड्यांची रांग होती. पाटीपुढे माणसं ओळीने उभी राहून फोटो काढून घेत होती, आणि मग अर्थातच खाली पाण्यावर उतरत होती. सगुणाबाईंनी बांधावर कणसं भाजायला घेतली होती, आणि त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. एका मुलीने शरदरावांच्या हातात कॅमेरा दिला. "काका, आमचा एक फोटो काढता का प्लीज? पाटी पूर्ण आली पाहिजे हं." शरदरावांनी कॅमेरा घेतला, दोन पावलं मागे सरकले, वाकले, आणि स्वतःच्या पाटीचा कानाकोपरा नीट चौकटीत बसवून फोटो काढून दिला. मुलगी म्हणाली, "अक्षर किती भारी आहे ना?" ते म्हणाले, "बरं आहे." मग आम्ही खाली गेलो. पाणमांजरांच्या खडकावर कुणाची तरी चादर वाळत होती आणि गाडीतलं गाणं डोंगरावरून परत येत होतं. शीळ कुठेच नव्हती. शरदराव म्हणाले, "एवढी चांगली पाटी मी आयुष्यात केली नव्हती, कांबळे."

पाटी उतरवायला हवी, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. पण ती उतरवणं म्हणजे काय, हे मला जितकं कळत होतं तितकंच सगुणाबाईंनाही वेगळ्या कारणाने कळत होतं. "पाटी काढू नगासा अण्णा," त्या म्हणाल्या. "लोकं पाटी बगाय येत्यात, मगच कणसं खात्यात." आता या बाईंना काय सांगायचं? पाणमांजरांना जगायचं होतं, बाईंनाही जगायचं होतं, आणि त्या पाटीवरच्या पाच ओळींखेरीज शरदरावांच्या हाताला विचारणारं जगात कुणी नव्हतं. दोन-तीन रविवार ते आलेच नाहीत. दुकानात गेलो तर म्हणायचे, "विचार करतोय." हा विचार मासेमारीचा नव्हता, हे उघड होतं.

शेवटी एका सकाळी रंगाचा डबा, खरवडायची पट्टी आणि ब्रश घेऊन ते माझ्या दारात हजर. आम्ही तिथे पोचलो तेव्हा थोडी माणसं जमलेली होतीच. शरदरावांनी जुन्या धोतराच्या फडक्याने पाटी आधी स्वच्छ पुसली, अगदी नव्याने द्यायची असल्यासारखी, आणि मग पहिल्या ओळीवर पट्टी चालवली. एक तरुण धावत आला. "ओ काका, काय करताय? अहो, ही पाटी फेमस आहे!"

"असू दे."

"असू दे काय? ज्यांनी लिहिलीय त्यांना विचारलंय का तुम्ही?"

"विचारलंय."

"मग ते काय म्हणाले?"

"पुसा म्हणाले."

तो बाजूला झाला. शरदराव एकेक अक्षर खरवडत होते; घाईने नाही, रागाने नाही, ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने. मी पत्रा धरून उभा होतो. कोरा झालेला पत्रा आम्ही उतरवला, मोठ्या रस्त्यावर वडाच्या झाडाखाली नेला, आणि तिथेच बसून शरदरावांनी त्यावर नवी पाटी लिहिली: सगुणाबाईंची भाजलेली कणसे. चहा. बसायला सावली आहे. तिच्यात चिमटा नव्हता, विनोद नव्हता, किनारसुद्धा नव्हती. तिचा फोटो कुणी काढणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ती वडालाच टांगली. कणसांची शेगडी तिथे आणून मांडता मांडता बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "ही खरी हाय."

आणि गंमत पाहा! काही नाही असं लिहिलं तेव्हा माणसं शोधत खाली आली होती. कणसं आहेत, सावली आहे असं लिहिल्यावर ती वडाखालीच थांबू लागली. कणीस खायचं, चहा प्यायचा, डोंगराकडे बघून छान आहे म्हणायचं आणि पुढच्या ठिकाणी निघायचं. जुनी पाटी शोधत येणाऱ्यांना बाई सांगायच्या की ती काढली. हळूहळू तेही यायचे थांबले. गाडीवाटेवर गवत वाढलं. बाईंनी खाली उतरायच्या जागी बाभळीचं काटेरी शिराटं आडवं टाकलं, ते आम्ही सांगितलं म्हणून नाही. गिऱ्हाईक वडाखालीच राहावं म्हणून.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा गेलो. बेसनाचा गोळा पिशवीत होता, रॉड खांद्यावर होते, आणि मी मनातल्या मनात कालवणाचा बेतसुद्धा केला होता. शिराटं ओलांडून जांभळीपाशी पोचलो आणि शरदरावांनी हात वर करून मला थांबवलं. खडकावर ओल्या पावलांचे ठसे होते. मोठे होते आणि त्यांच्यामागे अगदी इवलेसेही होते. खवल्यांनी भरलेली ताजी विष्ठा उन्हात चकाकत होती. मुळांच्या आडून शीळ आली, तिला बारीक, चिरक्या आवाजांनी उत्तर दिलं. पिल्लं! किती असतील? मी पिशवी खाली ठेवायला वाकलो, तर शरदराव हलक्या आवाजात म्हणाले, "ठेवू नका. चला."

"कुठे?"

"घरी."

"अहो, आत्ताच तर आलो! गळ नाही टाकत, नुसतं बसू. नेहमीसारखं."

"आल्या पावली परत जावे, असं आपणच लिहिलं होतं, कांबळे. त्यात आपल्याला वगळलं नव्हतं."

मला राग आला, खरं सांगतो. ही जागा आम्ही शोधली होती, आम्ही जपली होती, तिच्यासाठी या माणसाने स्वतःचं सर्वांत सुंदर अक्षर स्वतःच्या हातांनी खरवडलं होतं. मग थोडा वेळ जांभळीखाली बसण्याचाही हक्क आम्हाला नसावा? हे सगळं मी बोलणार होतो. पण शरदरावांचा चेहरा पाहिला आणि बोललो नाही, कारण त्यांना माझ्यापेक्षा अधिक बसायचं होतं, हे तिथे स्पष्ट दिसत होतं. आम्ही निघालो. ते पुढे, मी मागे. आमच्या पाठीमागे शीळ वाढत गेली, पाण्यात काहीतरी धपकन पडलं, आणि दोघांपैकी कुणीही वळून पाहिलं नाही. शिराट्यापाशी शरदरावांनी चष्मा काढून पुसला. मी आपलं दुसरीकडे बघितलं. मासेमारीसाठी यापेक्षा चांगली जागा आम्हाला उभ्या आयुष्यात सापडली नव्हती, आणि तिथून आम्ही आपल्या पायांनी, गळ न टाकता, निघून चाललो होतो.